इंजिनघरातला दिवा

लॉरेटा : …आणि पुन्हा एकदा सांगते, खटला चालू असताना लिंबाच्या वड्या खायच्या नाहीत. गंडरसन, ताटली खाली ठेवा. छातीवर सुरक्षा अधिकाऱ्याचा बिल्ला लावलाय आणि त्यावर पिठीसाखर सांडलीय.

ट्रिश : खाऊ द्या हो त्यांना, कॅप्टन. तोंड भरलेलं असलं की साक्षीदार खोटं बोलत नाही.

लॉरेटा : ते साक्षीदार कधीपासून झाले?

ट्रिश : अजून झाले नाहीत. दुपार मोठी आहे.

लॉरेटा : डॉक्टर, तुम्ही बाहेर नर्स असाल, इथे जहाजाच्या डॉक्टर आहात आणि आज फिर्यादी आहात. फिर्यादीच्या खुर्चीत बसा. टेबलावर नाही. चर्चने आपल्याला हे तळघर फुकट दिलंय, टेबलं मोडायला नाही. चीफ, तुम्ही बचावाच्या बाजूला.

वेंडेल : होय, कॅप्टन.

लॉरेटा : मागच्या ओळीत तिघे नवे दिसतायत, त्यांच्यासाठी सांगते. दर वर्षी आजच्या दिवशी आपण ‘टर्नस्टोन’ या अंतराळजहाजावरच्या एका पात्रावर खटला भरतो. टीव्हीवरची ती मालिका बंद पडून जमाना झाला, पण आपली भांडणं काही बंद पडली नाहीत. इथे जो निकाल लागतो तो वर्षभर आपल्या चाहता मंडळाचा कायदा. गेल्या वर्षी जहाजाचा स्वयंपाकी दोषी ठरला, तेव्हापासून या तळघरात टूना मासा घालून भाजलेली ती हॉटडिश बंद आहे.

ट्रिश : त्या निकालाचे अख्ख्या डुलुथ गावावर फार उपकार आहेत.

लॉरेटा : यंदाची आरोपी, खुद्द कॅप्टन ऑडा ब्रिल. आरोप असा की ती हाताखालच्या मुख्य इंजिनिअरच्या, टेविन मार्शच्या प्रेमात पडली. मी न्यायाधीश, डॉक्टर ट्रिश फिर्यादी, आणि बचावाला आपले मुख्य इंजिनिअर वेंडेल स्ट्रँड, कारण चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली.

ट्रिश : आणि ब्रिल सुटली तर आपला सातवा नियमही सुटला. हेही सांगा ना.

लॉरेटा : सांगणारच होते. सातवा नियम. या जहाजावरच्या, म्हणजे आपल्या मंडळातल्या, कोणत्याही अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसाशी प्रेमाचं नातं ठेवायचं नाही. तो मी केला. का केला, ते या रिकाम्या खुर्च्यांकडे बघा. आधीच्या कॅप्टनने आणि सुकाणूवरच्या मर्नाने लग्न केलं, मग ते भांडले, आणि अर्धं जहाज पूल ओलांडून पलीकडच्या सुपीरियर गावातल्या मंडळात गेलं. जाताना कॉफीचं मोठं भांडंही घेऊन गेलं.

ट्रिश : ते भांडं अजून जिव्हारी लागलंय.

लॉरेटा : चांगलं भांडं होतं. सुरू करा.

ट्रिश : मंडळी, मी जास्त वेळ घेणार नाही. तिसरं पर्व आठवा. जहाजाला आग लागलीय, भोंगे वाजतायत, आणि कॅप्टन ब्रिल धावत सुकाणूघरात येते. पहिला प्रश्न काय विचारते? “आग कुठे आहे?” नाही. विचारते, “मार्श कुठे आहे?” अख्खं जहाज जळतंय आणि बाईंना एकाच माणसाची काळजी. चीफ, यावर काही म्हणायचंय?

वेंडेल : मार्श होता तिथेच आग होती.

ट्रिश : हे… बरं. हसू नका रे. पुढचा मुद्दा. रसद संपत आलीय. माणशी एक संत्रं उरलंय. ब्रिल आपलं संत्रं मार्शला देते, वर सांगते की मला आवडत नाही. पहिल्या पर्वात याच बाईने संत्रं सालीसकट…

लॉरेटा : त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

ट्रिश : न्यायाधीश आरोपीचा बचाव करतायत. सगळ्यांनी ऐकलं ना?

लॉरेटा : मी फक्त वस्तुस्थिती सांगितली.

ट्रिश : तोंड लाल झालं तेही वस्तुस्थितीच आहे. असो. चीफ, संत्र्याबद्दल?

वेंडेल : संत्रं दिलं तर दिलं. त्यात गुन्हा काय?

ट्रिश : म्हणजे तुम्हाला कुणी संत्रं दिलं तर तुम्ही काय समजाल?

वेंडेल : संत्रं.

ट्रिश : या माणसाला बचावाला उभं करायची चिठ्ठी कुणी काढली हो?

लॉरेटा : मीच काढली. आणि पुरे झालं. संत्री आणि आग यांवर मी निकाल देणार नाही. इतक्या वर्षांत दोन्ही बाजू खऱ्या मुद्द्याला हातच घालत नाहीत. ब्रिलला तो आवडतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा की मार्शला ती आवडते हे तिला कळणार कसं?

ट्रिश : त्याच्या तोंडाकडे बघून.

लॉरेटा : तोंडाकडे बघून काय कळतं? पाचही पर्वांत मार्शने तिला एकदाही नाही म्हटलेलं नाही. जा म्हटलं, गेला. जळत्या खोलीत शिर म्हटलं, शिरला. उद्या तिने म्हटलं, माझ्यासोबत जेवायला बस, तर तो बसणारच. मग ते बसणं हुकमाचं की मनाचं? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याची किंमत काय?

ट्रिश : कॅप्टन, फिर्यादी मी आहे.

लॉरेटा : मग नीट काम कर ना. मी सांगते. बावीस वर्षांची होते. शाळेच्या बसगाड्या सुटायच्या त्या कचेरीत फोनवर बसायचे. साहेबाने विचारलं, शनिवारी जेवायला येतेस का. मी हो म्हटलं. शनिवारी गेले, पुढच्या शनिवारी गेले. वाईट माणूस नव्हता. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की मी मनाने येतेय. नोकरी जाईल म्हणून मी येतेय, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. पुढे मी त्याच कचेरीची मुख्य झाले. सगळे ड्रायव्हर मला हो बाई, हो बाई करायचे. त्या हो बाईचा मला कायम धसका होता. सातवा नियम मर्नामुळे झाला असं सगळे म्हणतात. म्हणू देत. तो त्या शनिवारमुळे झालाय.

ट्रिश : …हे कधी बोलला नाहीत.

लॉरेटा : कुणी विचारलं नाही. पुढे चला. चीफ, बचाव आहे का काही? नसेल तर ब्रिल दोषी, नियम कायम, आणि सगळे कॉफी प्यायला मोकळे.

वेंडेल : आहे.

लॉरेटा : मोठ्याने बोला.

वेंडेल : आहे, कॅप्टन. मार्श एकदा नाही म्हणालाय.

लॉरेटा : शक्यच नाही. पाचही पर्वं मला तोंडपाठ आहेत.

वेंडेल : तोंडाने नाही म्हणाला. दुसरं पर्व. धूमकेतूच्या शेपटीतून जहाज जातं तो भाग. मार्श तीन दिवस झोपला नाही. ब्रिल म्हणते, जा, झोप, हा हुकूम आहे. तो म्हणतो, होय, कॅप्टन. पुढच्या दृश्यात ती एकटी बोळातून चाललीय. तिच्या मागे इंजिनघराची गोल खिडकी आहे. आत दिवा लागलाय.

लॉरेटा : अरे देवा, तो दिवा. तो दिवा म्हणजे चित्रीकरणातली चूक आहे. दिवेवाला बंद करायला विसरला.

ट्रिश : मिनियापोलिसच्या मेळाव्यात मार्शचं काम करणाऱ्या नटाला आम्ही विचारलंही होतं. तो म्हणाला, मला काही आठवत नाही, मी तेव्हा बहुतेक सँडविच खात होतो.

वेंडेल : नट सँडविच खात असेल. मार्श काम करत होता. दिवा विसरला असता तर सावली हलली नसती. हलते. खिडकीत डावीकडून उजवीकडे जाते. हातात पाना आहे. मी थांबवून थांबवून बघितलंय.

लॉरेटा : किती वेळा?

वेंडेल : घरं गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्याला उन्हाळ्यात काम नसतं, कॅप्टन. म्हणजे बघा, त्याने होय म्हटलं आणि गेलाच नाही. तिला कळू नये म्हणून गुपचूप काम करत बसला. त्याला नाही म्हणता येत होतं. तो फक्त मोठ्याने म्हणत नव्हता.

ट्रिश : कॅप्टन, फिर्यादीला एक साक्षीदार बोलवायचाय.

लॉरेटा : बचावाचं बोलणं चालू आहे.

वेंडेल : डॉक्टर, गप्प बसा.

लॉरेटा : चीफ? तुम्ही आत्ता कुणाला तरी गप्प बसा म्हणालात?

वेंडेल : हिला काय करायचंय ते मला दिसतंय.

लॉरेटा : मला दिसत नाहीये. म्हणून बोलवू दे. साक्षीदार कोण?

ट्रिश : सुरक्षा अधिकारी गंडरसन. उठू नका, गिळू पण नका. नुसती मान हलवा. तुम्ही कॅप्टनचे शेजारी, बरोबर? बरोबर. दर नाताळात कॅप्टन तुम्हाला लिंबाच्या वड्यांचा डबा देतात? देतात. आत्ता खाताय त्याच? त्याच. कशाबद्दल देतात? हिवाळाभर तुम्ही त्यांच्या दारातला बर्फ काढता म्हणून. मग आता सांगा, मागच्या हिवाळ्यात तो बर्फ तुम्ही काढलात?

लॉरेटा : गंडरसन, मान नीट हलवा. हे हो की नाही?

ट्रिश : नाही आहे ते. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात? नाही. कधी एकदा तरी? हे बघा, एवढी जोरात मान हलवू नका, ठसका लागेल. म्हणजे फुकटच्या वड्या. कधी सांगावंसं नाही वाटलं? खांदे उडवतायत. विचारलं कुठे, नुसता डबा हातात दिला, असं त्यांचं म्हणणं दिसतंय.

लॉरेटा : मग कोण काढत होतं?

(सगळ्यांच्या माना बचावाच्या टेबलाकडे वळतात.)

वेंडेल : मी, कॅप्टन.

लॉरेटा : तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तुम्हाला काय सांगितलं होतं?

वेंडेल : माझ्या दारात फावडं घेऊन दिसलात तर हुद्द्याचे पट्टे काढून घेईन.

लॉरेटा : आणि तुम्ही काय म्हणालात?

वेंडेल : होय, कॅप्टन.

लॉरेटा : मग?

वेंडेल : दिसलो नाही.

ट्रिश : मला दिसले. सकाळच्या पाळीला जाताना मी त्याच वळणावरून जाते. गाडी कोपऱ्यावर उभी, आणि हा बाप्या फावडं खांद्यावर टाकून चोरासारखा पाय वाजू न देता चाललेला. पहिल्यांदा मला वाटलं, पोलिसांना फोन करावा.

वेंडेल : गाडीचा आवाज नको म्हणून कोपऱ्यावर. फावड्याच्या कडेला रबर लावलंय. जुन्या भट्टीच्या दाराचं होतं, पडूनच होतं.

लॉरेटा : कधीपासून?

वेंडेल : सातवा नियम झाला त्या हिवाळ्यापासून.

लॉरेटा : मी हुकूम दिला असतानाही.

वेंडेल : तुम्ही हुकूम दिल्यावर तर बर्फ काढणं चुकवलंच नाही एकदाही.

ट्रिश : ए, टाळ्या नाहीत. कोर्ट आहे हे. कॅप्टन, आणखी एक गोष्ट कोर्टासमोर आणते. ॲरिझोनाला यांची बहीण आहे. तिने यांच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. मार्चमध्ये हे चालले कायमचे. मंडळाला सांगणार होते आज, वड्या खाऊन झाल्यावर.

लॉरेटा : ॲरिझोना?

वेंडेल : गुडघ्याला चांगलं म्हणतात. ऊन असतं.

लॉरेटा : मला बोलला नाहीत.

वेंडेल : तुम्ही हल्ली काही विचारतच नाही, कॅप्टन. आधी कामं सांगायचात. चीफ, खुर्च्या लावा. चीफ, प्रोजेक्टर बघा. चीफ, माझी भट्टी धूर सोडतेय. गेल्या वर्षभरात सगळं बंद. मला वाटलं, माझं काही चुकलं.

लॉरेटा : भट्टी जानेवारीत बिघडली होती. दोन दिवस मी घरात कोट घालून बसले होते.

वेंडेल : मला फोन का नाही केला?

लॉरेटा : कारण तुम्ही होय म्हणाला असता. मला वाटायला लागलं होतं की एका भल्या माणसाला मी बाहीवरच्या पट्ट्यांच्या जोरावर राबवून घेतेय, आणि त्याला मनातून काय वाटतं ते मला कधीच कळणार नाही. त्यापेक्षा काही सांगायलाच नको.

वेंडेल : मी होय म्हणायचो कारण तुमच्याशी बोलताना मला दुसरा शब्दच सुचायचा नाही.

ट्रिश : मागच्या ओळीत कोण रडतंय? नवीन आलेली? रुमाल द्या तिला. आमच्याकडे नेहमी असं नसतं, बाई. नेहमी आम्ही टूनावर भांडतो.

वेंडेल : कॅप्टन, माझा मुद्दा अजून राहिलाय. दिव्याचा.

लॉरेटा : बोला.

वेंडेल : ती बोळातून चालते ना, तेव्हा खिडकीपाशी थांबते. अर्धं पाऊल. वळून बघत नाही, पण थांबते. मग पुढे जाते. म्हणजे तिला माहीत होतं, आत दिवा आहे. हुकूम मोडलाय हे माहीत होतं, आणि ती काही बोलली नाही. म्हणून मी म्हणतो, ती निर्दोष आहे. त्याचं मन कुठे आहे ते तिला कळलं होतं. झालं माझं.

ट्रिश : फिर्यादीचा एकच प्रश्न, आणि तो न्यायाधीशांना. कॅप्टन, तुम्ही थांबला होतात का?

लॉरेटा : हा प्रश्न नियमात बसत नाही.

ट्रिश : बसत नाही. तरी विचारते.

लॉरेटा : रबर लावलं की आवाज येत नाही, हे खरं आहे. मला कधी आवाज आला नाही.

ट्रिश : पण?

लॉरेटा : पण कडा सरळ असायच्या. गंडरसनच्या स्वतःच्या दारातली वाट बघा, बैल मुतल्यासारखी असते. माफ करा, गंडरसन. माझ्या दारातली वाट दोरी लावल्यासारखी. बर्फ वितळावा म्हणून पायरीवर टाकतात ते मीठसुद्धा मोजून टाकलेलं. या गावात एवढं नेटकं काम करणारा एकच माणूस मला माहीत आहे. मी खिडकीत उभी राहून ती वाट बघायचे. कॉफी निवेपर्यंत बघायचे.

वेंडेल : मग वड्या गंडरसनला का?

लॉरेटा : तो डबा घेऊन तुमच्या दारात कशी येणार होते? नियम मीच केला होता ना.

ट्रिश : कॅप्टन?

लॉरेटा : हं. नाक पुसतेय, दिसत नाही का? ऐका सगळ्यांनी. या खटल्यात न्यायाधीशाचा स्वतःचा स्वार्थ गुंतलाय. म्हणून मी खुर्ची सोडते. डॉक्टर, हा हातोडा घ्या. आणि सांभाळून, माझ्या स्वयंपाकघरातला आहे, मांस कुटायचा.

ट्रिश : आहाहा. किती वर्षांपासून डोळा होता यावर. मंडळी, कॅप्टन ऑडा ब्रिल निर्दोष आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. गंडरसन, एकच हात चालतो. त्या हातात वडी आहे, तरी चालेल. कोणी विरुद्ध? कोणी नाही. ब्रिल निर्दोष, सातवा नियम रद्द.

लॉरेटा : थांब. रद्द नाही.

ट्रिश : कॅप्टन, तुम्ही आता प्रेक्षक आहात.

लॉरेटा : प्रेक्षक म्हणूनच बोलतेय. उद्या या जहाजावर माझ्यासारखी बावीस वर्षांची एखादी येईल. तिच्या बाजूने काहीतरी उभं राहायला हवं. नियम ठेवा. फक्त एक ओळ वाढवा. हाताखालच्या माणसाने अधिकाऱ्याचा हुकूम आधी धडधडीत मोडलेला असेल आणि त्याचं काहीही वाकडं झालेलं नसेल, तर त्या दोघांचं ते बघून घेतील.

ट्रिश : चीफ, तुम्हाला मान्य?

वेंडेल : मान्य. कॅप्टन म्हणाल्या म्हणून नाही. मला पटलं म्हणून.

ट्रिश : निकाल जाहीर. ठोकते हं. वा, काय आवाज आहे. आता कॉफी. आणि जाता जाता, मन मोकळं करून टाकते. बचावासाठी त्या टोपीत जेवढ्या चिठ्ठ्या होत्या ना, सगळ्यांवर वेंडेलचंच नाव होतं.

लॉरेटा : पुढच्या वर्षी खटला तुझ्यावर.

ट्रिश : चालेल. मी गुन्हा आधीच कबूल करते. चला रे, आपण कॉफीकडे जाऊ, यांना इथे खुर्च्या आवरू दे. गंडरसन, तुम्हीसुद्धा. ताटली इथेच ठेवा. आजपासून त्या वड्यांचा मालक बदललाय.

लॉरेटा : गेली एकदाची. चीफ… त्या ॲरिझोनात बर्फ पडतो का?

वेंडेल : बहीण म्हणते, अजिबात नाही.

लॉरेटा : मग तिथे तुम्ही सकाळी करणार काय?

वेंडेल : तोच विचार करतोय. तिला कळवावं म्हणतो, खोली दुसऱ्या कुणाला दे.

लॉरेटा : मी तुम्हाला थांबा असं म्हणणार नाही. कळतंय ना? तो शब्द माझ्या तोंडून येणार नाही.

वेंडेल : येऊ नका देऊ. मला उन्हाचा त्रासच होतो.

लॉरेटा : उद्या सकाळी बर्फ आहे म्हणे. सरोवराकडून येतोय, बराच.

वेंडेल : ऐकलं मी.

लॉरेटा : मग नीट ऐका. त्या गुडघ्याने माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. हा हुकूम आहे.

वेंडेल : होय, कॅप्टन.

लॉरेटा : कॉफी किती वाजता ठेवू?